पाटी आहे, पण वर्ग कुठे आहे?



आजचा विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात शुद्धलेखनापासून करतो.

मागच्या वर्षी पहिली-दुसरीच्या मुलांसाठी आम्ही शब्दपट्ट्या करत होतो. हाताने कार्डशीट कापून लिहायला वेळ पुरेना, म्हणून मी पायथॉनमध्ये एक छोटासा प्रोग्राम लिहिला. एक्सेलमध्ये शब्दांची यादी द्यायची, प्रोग्राम ती वाचून मोठ्या अक्षरांतलं छापायला तयार पान करून देतो. मी काही संगणक अभियंता नाही. डी.एड.ला असताना संगणकाशी संबंध आला तो प्रकल्पाचं मुखपृष्ठ टाईप करून आणण्यापुरता, नंतर एमएस-सीआयटी झालं आणि बाकीचं व्हिडिओ बघून, चुका करत करत शिकलो. शाळेत लोकसहभागातून मिळालेला एक जुना लॅपटॉप आहे. विंडोज त्याला झेपेना, म्हणून उबुंटू टाकलं. त्यावर हा प्रोग्राम छान चालला. सातवीतली एक मुलगी तो इतका सराईतपणे चालवायला लागली की मधल्या सुट्टीत दुसरीच्या बाई तिलाच सांगायच्या, "जोडाक्षरांचे पंधरा शब्द काढून दे गं."

एके दिवशी प्रोग्राम बंद पडला. पडद्यावर इंग्रजीत लाल-पांढऱ्या ओळी. शेवटच्या ओळीचा अर्थ एवढाच, की ओपनपायएक्सएल नावाचं मॉड्यूल सापडत नाही. हे एक्सेल वाचणारं पॅकेज मीच तीन महिन्यांपूर्वी टाकलेलं होतं. काल चालत होतं. मी विचारलं, "काय केलंस?" ती म्हणाली, "काही नाही सर, फक्त फोल्डरचं नाव दुरुस्त केलं." मी घाईघाईत फोल्डरला "शब्दपट्या" असं नाव दिलं होतं. तिने राहिलेला अर्धा ट घालून "शब्दपट्ट्या" केलं होतं.

मराठीच्या तासाला मी जे शिकवतो तेच तिने केलं होतं. आणि मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, "विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय ना?" त्यानंतर ती लॅपटॉपच्या टेबलाकडे फिरकली नाही. बोलावलं तर "नको सर, बिघडेल" म्हणायची.

चूक तिची नव्हती. ती कुणाची होती आणि नेमकी कुठे होती, हे समजून घ्यायला मला एक रविवार लागला. तो रविवार मी इथे मांडतोय, कारण अशा ऐन वेळच्या बिघाडात आपण शिक्षक आणि पालक जे पहिलं वाक्य उच्चारतो ते बहुतेक वेळा "तू काय केलंस?" हेच असतं. माझं मत असं झालंय, की पहिला प्रश्न "हे नाव कुठे बोट दाखवतंय?" असा असायला हवा. हे का म्हणतोय ते समजायला थोडं आत शिरावं लागेल. कंटाळा करू नका, शाळेच्याच भाषेत सांगतो.

पावसाळ्यात एखादी खोली गळायला लागली की आपण वर्ग हलवतो. जुन्या खोलीच्या दारावर कागद चिकटवतो, "इयत्ता चौथीचा वर्ग समाजमंदिरात भरेल." पालक जुन्या खोलीशी येतात, कागद वाचतात, समाजमंदिरात जातात. त्या कागदात वर्ग नसतो, फक्त पत्ता असतो. संगणकात अशा कागदाला सिम्बॉलिक लिंक म्हणतात. नाव असतं, आत फक्त दुसऱ्या जागेचा पत्ता असतो, आणि तुम्ही ते नाव घेतलं की संगणक मुकाट्याने त्या पत्त्यावर जातो. ही सोय युनिक्सच्या बर्कली आवृत्तीत १९८३ साली आली, म्हणजे आमच्यापैकी बऱ्याच शिक्षकांच्या जन्माआधीची गोष्ट आहे.

आता समाजमंदिरालाही कुलूप लागलं तर? कागद जागेवरच असतो. अक्षरही सुवाच्य असतं. पण वर्ग नसतो. याला तुटलेला दुवा म्हणायचं. गंमत अशी, की फोल्डरमध्ये ते नाव डोळ्यांना दिसत असतं आणि संगणक म्हणतो, "अशी फाईल किंवा फोल्डर नाही." माणूस चिडतो, अरे ही काय समोर दिसतेय! संगणक मात्र दाराबद्दल बोलत नसतो. तो समाजमंदिरापर्यंत जाऊन आलेला असतो आणि तिथलं सांगत असतो.

(हार्ड लिंक नावाचा एक चुलत प्रकार आहे. एकाच मुलाला घरी बाळू आणि हजेरीपटात बाळासाहेब म्हणतात तसा. एक नाव खोडलं तरी मूल कुठे जात नाही. तो आजचा विषय नाही.)

मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे काय? एका संगणकावर पायथॉन एकच असतो, पण प्रत्येक कामाला वेगवेगळी पॅकेजेस लागतात. सगळी एकाच ढिगात टाकली तर एकमेकांच्या पायात येतात. म्हणून प्रत्येक कामासाठी एक वेगळं कपाट करायचं, ज्या कामाचं सामान त्या कपाटात. पायथॉनमध्ये ही सोय ३.३ या आवृत्तीपासून, २०१२ पासून, मुळातच मिळते. डेबियन १२ पासून आणि उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तर मुख्य पायथॉनमध्ये पॅकेज टाकायला गेलं की तो सरळ नकार देतो आणि आधी वेगळं कपाट कर म्हणतो. त्यामुळे नवशिक्यालाही हे पहिल्याच आठवड्यात भेटतं. पुढे मी त्याला नुसतं "एनव्ही" म्हणतो.

या कपाटात आख्खा पायथॉन ठेवलेला नसतो, हे मला माहीतच नव्हतं. लिनक्सवर एनव्ही केलं की त्यातल्या बिन नावाच्या फोल्डरमध्ये पायथॉन या नावाची जी वस्तू दिसते ती चिठ्ठी असते. ती म्हणते, शेजारच्या पायथॉन३ कडे जा. पायथॉन३ ही पण चिठ्ठीच, ती म्हणते, मुख्य संगणकातल्या यूएसआर-बिनमधल्या पायथॉन३ कडे जा. तिथे गेलं तर उबुंटूमध्ये तीही चिठ्ठी, ३.१० किंवा ३.१२ अशा खऱ्या आवृत्तीकडे बोट दाखवणारी. तिसऱ्या चिठ्ठीनंतर खरा माणूस भेटतो. याशिवाय ६४ बिट लिनक्सवर लिब६४ नावाची आणखी एक चिठ्ठी असते, ती शेजारच्या लिब फोल्डरकडे बोट दाखवते.

या चिठ्ठ्यांवरचे पत्ते दोन तऱ्हेचे असतात, आणि सगळी मेख इथेच आहे. एक पत्ता "शेजारच्या खोलीत" असा. दुसरा "तालुका अमुक, गाव तमुक, जिल्हा परिषद शाळा, खोली क्रमांक ३" असा पूर्ण. शेजारच्या खोलीचा पत्ता आख्खी शाळा उचलून दुसऱ्या गावी नेली तरी खराच राहतो. पूर्ण पत्ता मात्र गावाचं नाव बदललं की खोटा पडतो. लिब६४ ची चिठ्ठी पहिल्या प्रकारची आहे, मुख्य पायथॉनची दुसऱ्या.

आणि आता आमच्या मुलीचा अर्धा ट. एनव्ही तयार होताना आपला स्वतःचा पूर्ण पत्ताही काही फाईलींमध्ये लिहून ठेवतं. त्या रूढ अर्थाने लिंक नाहीत, पण स्वभाव तोच. एनव्ही सुरू करणारी ॲक्टिव्हेट नावाची फाईल आहे, तिच्यात लिहिलेलं होतं की कपाट डेस्कटॉपवरच्या "शब्दपट्या" मध्ये आहे. पॅकेज टाकणारी पिप नावाची फाईल आहे, तिच्या पहिल्याच ओळीत तोच पत्ता. फोल्डरचं नाव बदललं तरी या फाईलींच्या आतलं अक्षर कोण बदलणार? मुलीने नेहमीप्रमाणे ॲक्टिव्हेट चालवलं. ते बिनतक्रार चाललं. ओळीच्या सुरुवातीला कंसात एनव्हीचं नावसुद्धा आलं, म्हणजे सगळं ठीक असल्यासारखं. प्रत्यक्षात संगणक "शब्दपट्या" शोधायला गेला, तिथे काही नव्हतं, म्हणून त्याने मुकाट्याने मुख्य पायथॉन उचलला. मुख्य पायथॉनकडे ओपनपायएक्सएल कुठून असणार? म्हणून "मॉड्यूल सापडत नाही."

रविवारी मी पिपला त्याच्या जागेवर जाऊन हाक मारली तेव्हा खरा निरोप मिळाला. "बॅड इंटरप्रिटर", आणि त्याच्या आधी छापलेला तो पूर्ण पत्ता. टर्मिनलमध्ये देवनागरी तुटक दिसते, काने-मात्रे इकडेतिकडे पळतात, तरी मला ते ओळखू आलं. माझंच चुकीचं शुद्धलेखन होतं ते. एकच ट. संगणक तीन महिन्यांपूर्वीची माझी चूक मला जशीच्या तशी वाचून दाखवत होता, आणि मी ओरडलो होतो चूक दुरुस्त करणाऱ्या पोरीवर.

दुसरा प्रसंग शिक्षण परिषदेतला. मी हा प्रोग्राम केंद्रातल्या शिक्षकांना दाखवला. सगळ्यांना आवडला. लगेच पेनड्राइव्ह पुढे आले, "सर, द्या टाकून." मी आख्खं फोल्डर एनव्हीसकट कॉपी करायला घेतलं. मध्येच चौकट आली, काही फाईली जात नाहीत म्हणून. मी "स्किप ऑल" दाबलं, जसं आपण सगळे दाबतो. चार शाळांत प्रोग्राम गेला आणि चारही शाळांत चालला नाही. एक ज्येष्ठ गुरुजी हसत म्हणाले, "सर, तुमचा प्रोग्राम तुमच्यासारखाच, तुमच्याच शाळेत चालतो." मी हसलो, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात होतं.

कारण असं होतं. बाजारातले बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने तयार केलेले असतात. ४ जीबीपेक्षा मोठी व्हिडिओ फाईल फॅट३२ वर जात नाही, हा अनुभव प्रशिक्षणाचे व्हिडिओ वाटणाऱ्या प्रत्येकाला आहे. तशीच आणखी एक गोष्ट या दोन्ही पद्धतींना येत नाही, ती म्हणजे सिम्बॉलिक लिंक ठेवणं. म्हणजे दारावर कागद चिकटवायची सोयच नाही. मी "स्किप ऑल" दाबलं तेव्हा ज्या वगळल्या गेल्या त्या नेमक्या पायथॉनकडे नेणाऱ्या चिठ्ठ्या होत्या. कपाट पोचलं, किल्ली घरी राहिली.

यावर मी केलेला उपाय तर आणखी विनोदी. म्हटलं, पेनड्राइव्हवरच नवीन एनव्ही करू. उत्तर आलं, "ऑपरेशन नॉट परमिटेड." परमिटेड म्हटलं की आपल्याला परवानगी आठवते, म्हणून मी सुडो लावून, म्हणजे मुख्याध्यापकांच्या अधिकारात, तीच आज्ञा दिली. तेच उत्तर. मग कॉपीज नावाचा एक पर्याय सापडला, चिठ्ठीऐवजी पायथॉनची प्रत ठेव म्हणणारा. तरीही लिब६४ ची चिठ्ठी तो करायला जायचाच आणि तिथे अडायचा. प्रश्न अधिकाराचा नव्हताच. ज्या भिंतीवर कागद चिकटतच नाही तिथे मुख्याध्यापकांनी येऊन चिकटवला तरी तो खालीच पडणार. निरोपाचे शब्द परवानगीचे असतात आणि कारण मात्र भिंतीचं असतं. हे एकदा कळलं की अर्धा दिवस वाचतो. पुढच्या वेळी हा निरोप दिसला तर आधी बघा, तुम्ही कुठल्या डिस्कवर काम करताय.

विंडोजवाल्यांनी खूश होऊ नये. तिथे लिंक करायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार किंवा डेव्हलपर मोड लागतो, म्हणून एनव्ही तिथे सहसा चिठ्ठीऐवजी एक छोटी प्रत ठेवतं. पण पूर्ण पत्ते तिथेही आत लिहिलेले असतातच. फोल्डर हलवलं की पिप "फेटल एरर इन लाँचर" म्हणून जुना पत्ता वाचून दाखवतो. आणि लिनक्सवर केलेलं एनव्ही विंडोजवर चालणं तर शक्यच नाही. तिथे बिन नावाचं फोल्डरच नसतं, स्क्रिप्ट्स नावाचं असतं.

तिसरी तऱ्हा शेजारच्या तालुक्यातल्या मित्राकडची. त्याने उबुंटू २२.०४ चं २४.०४ केलं. एनव्हीला हात लावला नाही, फोल्डर हलवलं नाही, तरी प्रोग्राम बंद. इथे चिठ्ठी तुटलेली नव्हती. ती यूएसआर-बिनमधल्या पायथॉन३ कडेच बोट दाखवत होती आणि पायथॉन३ तिथे होताही. फक्त तो आधी ३.१० होता, आता ३.१२ झाला. म्हणजे पाटी बरोबर, वर्ग जागेवर, पण बदली होऊन नवे गुरुजी आले. जुन्या गुरुजींचं सामान ३.१० च्या कप्प्यात, नवे गुरुजी ३.१२ चा कप्पा उघडतात, तो रिकामा. पुन्हा तेच, "मॉड्यूल सापडत नाही." एकच वाक्य, पण माझ्या लॅपटॉपवर आणि त्याच्या लॅपटॉपवर कारणं वेगळी. म्हणून म्हणतो, निरोप वाचून थांबू नका, बोट कुठे जातंय ते बघा.

बघायचं कसं? टर्मिनलमध्ये एलएस ही आज्ञा आहे, तिला वजा चिन्ह लावून एल जोडायचं (आज्ञा अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत). मग प्रत्येक चिठ्ठीपुढे बाण येतो आणि बाणापुढे पत्ता. तुटलेली चिठ्ठी उबुंटूत सहसा लाल दिसते. चिठ्ठीवरून चिठ्ठीवर जाऊन शेवटचं ठिकाण एकदम हवं असेल तर रीडलिंक ही आज्ञा, वजा एफ लावून. आपण आत्ता नेमका कोणता पायथॉन वापरतोय हे विच ही आज्ञा सांगते. ॲक्टिव्हेट केल्यावर विचचं उत्तर एनव्हीच्या फोल्डरमधलं यायला हवं. यूएसआर-बिन आलं, की कंसातलं नाव काहीही सांगो, तुम्ही कपाटाबाहेर आहात. माझ्या रविवारी ही एक आज्ञा मला आधी माहीत असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

आणि उपाय? ऐकून हसू नका. कपाट फेकून द्यायचं आणि नवं करायचं.

इथे "सरळ फॉरमॅट मारा" म्हणणाऱ्या मंडळींना वाटेल, आम्ही हेच तर सांगत होतो. निम्मं बरोबर आहे. एनव्ही दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, ते टाकाऊच असायला हवं. पण काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे माहीत नसताना टाकणं धोक्याचं. माझ्या एका सहकाऱ्याने बोलीभाषेतल्या शब्दांची यादी केली होती. दोन महिने मुलं घरून आजी-आजोबांना विचारून शब्द आणत होती, शेतातले, स्वयंपाकघरातले, पाऊसपाण्याचे. ती एक्सेल फाईल त्याने ठेवली होती एनव्हीच्या फोल्डरात, कारण तिथून प्रोग्रामला ती लवकर सापडते असं त्याला वाटलं. प्रोग्राम बिघडला, कुणीतरी सांगितलं एनव्ही उडवून नवीन कर, त्याने उडवलं. मुलांच्या वह्या तोवर रद्दीत गेल्या होत्या. त्यातल्या काही आजी आता नाहीत. प्रोग्राम पाच मिनिटांत परत चालू झाला. यादी गेली ती गेली.

म्हणून माझ्या शाळेत आता तीन गोष्टी वेगळ्या आहेत. मुलांची माहिती एका फोल्डरात, प्रोग्राम एका फोल्डरात आणि एनव्ही तिसऱ्या. एनव्हीमध्ये आपलं स्वतःचं काहीही ठेवायचं नाही. प्रोग्रामसोबत रिक्वायरमेंट्स नावाची एक साधी मजकुराची फाईल, तिच्यात लागणाऱ्या पॅकेजची नावं. आमच्या बाबतीत ती एका ओळीची आहे. दुसऱ्या शाळेला द्यायचं तर प्रोग्राम आणि ही यादी द्यायची. एनव्ही त्यांनी त्यांच्या संगणकावर, पेनड्राइव्हवर नव्हे, स्वतः करायचं. उबुंटूवर आधी पायथॉन३-व्हेन्व्ह हे पॅकेज टाकावं लागतं, नाहीतर पहिल्याच पायरीला गाडी अडते. नेट नसलेल्या शाळांचं काय, हे मला चारही शाळांनी विचारलं. पिपला डाउनलोड नावाची उपआज्ञा आहे. आपल्याकडे नेट असताना पॅकेजच्या फाईली उतरवून घ्यायच्या. त्या साध्या फाईली असतात, त्यात चिठ्ठ्या नसतात, म्हणून पेनड्राइव्हवरून सुखरूप जातात. तिकडे पिपला सांगायचं, नेटवर जाऊ नकोस, या फोल्डरातून घे. ओपनपायएक्सएल आणि त्याला लागणारं आणखी एक छोटं पॅकेज हे शुद्ध पायथॉनमध्ये असल्याने विंडोज असो की लिनक्स, त्याच फाईली चालतात. सगळ्याच पॅकेजचं तसं नसतं, हे लक्षात ठेवा.

स्वयंपाकाचंच बघा ना, पुरणपोळी डब्यात घालून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवण्यापेक्षा कृती पाठवलेली बरी. आपली शिक्षकांची सवय मात्र डबा पाठवायची आहे. व्हॉट्सॲपवर झिप आली की उघडायची, नाही चालली की पाठवणाऱ्याला नावं ठेवायची किंवा स्वतःला.

काही जण म्हणतील, ऑनलाइन माहित्या भरता भरता दिवस संपतो, त्यात हे कशाला? हरकत रास्त आहे. प्रत्येक शिक्षकाने पायथॉन शिकावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. तुमच्या शाळेत असा प्रोग्राम नसेल तर यातली एकही आज्ञा तुम्हाला लागणार नाही. पण घरात मोबाईल बिघडतो, शाळेत प्रोजेक्टर लागत नाही, आणि जवळ उभं असलेलं मूल आपोआप आरोपी होतं. मुलग्याला एक वेळ "उद्योगी आहे" म्हणून सोडतात, मुलीला "तुला काय कळतं त्यातलं" ऐकावं लागतं. हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही. मी स्वतः तेच केलं. बिघाडाचं कारण यंत्रात शोधायची पद्धत मला माहीत नव्हती, म्हणून मी ते पोरीत शोधलं. पालकांना एवढंच सांगेन, मूल "मी काही नाही केलं, फक्त नाव बदललं" म्हणत असेल तर ते बहुधा खरं बोलत असतं आणि तीच सगळ्यात कामाची माहिती असते. तिने मला पहिल्याच मिनिटाला कारण सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

सोमवारी मी तिला वर्गासमोरच सांगितलं की चूक माझी होती, शुद्धलेखनाचीही आणि ओरडण्याचीही. फळ्यावर "शब्दपट्या" लिहून दाखवलं. मुलं हसली, ती हसली नाही. मग मी खडूने बाण काढून चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली, समाजमंदिरासकट. दोन दिवसांनी ती आपणहून लॅपटॉपजवळ आली आणि जुनं एनव्ही पुसून नवं तिनेच केलं, मी फक्त बाजूला उभा होतो. फोल्डरचं नाव आता "शब्दपट्ट्या" आहे, दोन ट घालून.

परवा तिने विचारलं, "सर, एका पाटीवर लिहिलं दुसऱ्या पाटीकडे जा, आणि दुसरीवर लिहिलं पहिलीकडे जा, तर संगणक काय करेल?" मला वाटलं अडकून पडेल. आम्ही करून बघितलं. दोन चिठ्ठ्या केल्या, एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या, आणि एक उघडायला सांगितली. संगणक अडकला नाही. त्याने सरळ सांगितलं, "टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स." नंतर शोधल्यावर कळलं की लिनक्स एका वाटेवर जास्तीत जास्त ४० चिठ्ठ्यांपर्यंत जातो आणि मग नाद सोडतो.

मी याचं मराठी करून सांगितलं तसा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, आमच्या आजोबांच्या दाखल्याचं असंच चाललंय. हा म्हणतो त्या टेबलावर जा, तो म्हणतो या टेबलावर जा." तिने मागे वळून विचारलं, "किती वेळा झालं?" तो बोटं मोजायला लागला.